शाळेच्या सुट्या वगळून

पेण शहर मागे टाकून पूर्वेच्या डोंगराकडे निघाले, अथवा रोह्याहून कुंडलिका ओलांडून आतल्या गावांकडे वळले, म्हणजे मधूनमधून लहान लहान वाड्या लागतात. वीसपंचवीस घरे, एक विंधणविहीर आणि जिल्हा परिषदेची एकदोन खोल्यांची शाळा, एवढाच बहुधा वाडीचा पसारा. अशा शाळेत दुपारची सुटी झाली म्हणजे व्हरांड्यात पंगत बसते. ताटात भात आणि वरण किंवा उसळ पडते, आणि पुढची पंधरावीस मिनिटे एरवी गजबजलेली ती जागा अगदी शांत होते. मुले जेवीत असतात.

ही पंगत कोणा दात्याने घातलेली नसते. तिचा खर्च सार्वजनिक खजिन्यातून होतो, आणि त्याचा हिशेब ग्रॅम व पैसे यांपर्यंत ठरलेला आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलामागे याच्या दीडपट. लहान मुलाच्या पोटात या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने जावीत, मोठ्याच्या पोटात ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने जावीत, असा नियम आहे. वीस मुलांच्या वाडीशाळेत याचा अर्थ दिवसाला दोन किलो तांदूळ, चारशे ग्रॅम डाळ, एक किलो भाजी आणि शंभर ग्रॅम तेल असा होतो. एवढ्याशा सामग्रीवर एका वाडीची भावी पिढी दुपारपुरती तरी उपाशी राहत नाही.

परंतु दुपार म्हणजे सारा दिवस नव्हे, आणि शाळेचे दिवस म्हणजे सारे वर्ष नव्हे. सन २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास सरकारी व अनुदानित शाळेत दररोज एक वेळचे मोफत जेवण हा हक्क म्हणून दिला. मात्र त्या कलमात ‘शाळेच्या सुट्या वगळून’ अशा अर्थाचे चार शब्द आहेत. खर्चाच्या दृष्टीने ते शब्द स्वाभाविक वाटतात. शाळा बंद, तर चूल बंद. पण पेण आणि रोह्याच्या वाड्यांतून या चार शब्दांचा अर्थ काय होतो, हे पाहिल्यावाचून शालेय भोजनाच्या खर्चाचा प्रश्न नीट उमगत नाही.

प्रथम ही योजना कशी उभी राहिली ते थोडक्यात पाहू. शाळेत मुलास जेवू घालण्याचा सार्वजनिक प्रयत्न हिंदुस्थानात प्रथम मद्रास शहरात झाला. तेथील नगरपालिकेने १९२० च्या सुमारास थाउझंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत, दर मुलामागे दिवसाला एक आण्याच्या मर्यादेत, फराळ देण्यास आरंभ केला. मुलांची हजेरी वाढली. पुढे १९२५ साली प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून हा खर्च करता येणार नाही अशी हरकत सरकारने घेतली आणि तो प्रयोग थांबला. मुले भुकेली आहेत की नाहीत याविषयी वाद नव्हता. वाद होता तो खर्च कोणत्या खाती टाकावयाचा याविषयी. शंभर वर्षे उलटली तरी या वादाचे स्वरूप फारसे पालटलेले नाही.

मुंबईत १९४२ साली मुलांना मोफत दूध देण्याची योजना निघाली. मद्रास राज्यात १९५६ साली कामराज यांच्या कारकिर्दीत आणि तामिळनाडूत १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत शालेय भोजनाने व्यापक रूप घेतले. अखिल भारतीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तथापि बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न दिले जात नसे. महाराष्ट्रात हजेरी भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यावयास मिळत. घरी गेलेला तांदूळ घरातील साऱ्यांचा होतो, आणि तसे होण्यात घरच्यांचा काही दोषही नाही. पण मुलाच्या वाट्याला त्यातून किती आला हे कोणास सांगता येत नसे.

हे चित्र पालटले ते न्यायालयाच्या हुकमाने. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने २००१ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सरकारी कोठारे धान्याने ओसंडत असता लोक उपाशी का, असा त्या अर्जाचा सरळ प्रश्न होता. त्यावर २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आज्ञा केली की, प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत निदान ३०० उष्मांकांचे शिजवलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस द्यावे. महाराष्ट्रात त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या. सहावी ते आठवीच्या मुलांनाही २००८ च्या सुमारास या पंगतीत बसविण्यात आले, आणि २०१३ च्या कायद्याने आज्ञेचे रूपांतर हक्कात झाले.

आता पैशाचा मार्ग पाहावा. रोहे परिसराशी ज्यांच्या घराण्याचा निकट संबंध, ते चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते; तेव्हा अंदाजपत्रकाची भाषा या तालुक्यास अगदीच परकी नसावी. सन २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम पोषण’ या नव्या नावाखाली २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांकरिता योजना मंजूर केली, तेव्हा केंद्राने सुमारे ५४ हजार कोटी रुपये, राज्यांनी ३१ हजार ७०० कोटी रुपये घालावेत आणि शिवाय केंद्राने सुमारे ४५ हजार कोटी रुपयांचे धान्य द्यावे असे ठरले. एकंदर आकडा १ लाख ३० हजार कोटींच्या वर जातो. तो ऐकून सामान्य माणसाची छाती दडपते. पण त्याला पाच वर्षांनी आणि त्या वेळी मोजलेल्या ११ कोटी ८० लाख मुलांनी भागले, तर दर मुलामागे वर्षाला सुमारे २,२०० रुपये पडतात. सहा रुपये रोज, हा त्या प्रचंड आकड्याचा खरा आकार आहे.

तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला व इंधन यांकरिता जो खर्च धरला जातो, तो महाराष्ट्रात केंद्र व राज्य यांनी साठास चाळीस या प्रमाणात सोसावयाचा असतो. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे ही रक्कम लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलामागे १० रुपये १७ पैसे अशी ठरली. ग्रामीण भागात तांदूळ, कडधान्य, तेल इत्यादी माल ठेकेदारामार्फत शाळेच्या दारी पोचविला जातो. भाजीपाला व इंधन यांची रोकड तेवढी शाळेच्या हाती पडते.

वीस मुलांच्या शाळेस या दराने दिवसाला १३५ रुपये ६० पैसे मिळतात, आणि त्यातील बरीच रक्कम मालाच्या रूपानेच येते. येथे एक अडचण अशी की, खर्च मुलांच्या डोक्यावर मोजला जातो, पण चूल डोकी मोजून जळत नाही. दोनशे मुलांच्या शाळेस जेवढा वेळ शेगडी पेटती ठेवावी लागते, त्याच्या दहाव्या हिश्श्यात वीस मुलांचा भात होत नाही. एक किलो भाजी आणावयास बाजारगावी जाणाऱ्या माणसाचे भाडे दहा किलो आणणाऱ्याएवढेच पडते. पेण शहरातील मोठ्या शाळेस जो दर पुरतो, तोच डोंगरातील वाडीशाळेस अपुरा पडतो. दर सर्वांस समान आहे. परंतु शाळा समान नाहीत. पेणच्या खारेपाटातील गावांत आणखी निराळी अडचण असते. तेथे फेब्रुवारी उलटला की पिण्याच्या पाण्याचीच वानवा सुरू होते, आणि भांडी घासणे व डाळ शिजविणे या कामांकरिता लागणारे पाणी कोणी आणावयाचे, हा प्रश्न उरतोच.

ते पाणी बहुधा स्वयंपाक करणारी बाईच आणते. पंचवीस मुलांपर्यंत एक आणि शंभरांपर्यंत दोन मदतनीस, असे प्रमाण आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे तिचे मानधन २००९ पासून महिन्याला १,००० रुपये असे धरले गेले. महाराष्ट्र सरकारने त्यात आपली भर घातली. हे मानधन वर्षातील दहाच महिने मिळते. उरलेले दोन महिने कोणते, हे सांगावयास नकोच. मुलांची पंगत बंद झाली की वाढणारणीचीही मिळकत बंद होते. ही बाई बहुधा त्याच वाडीची असते, आणि तिचीही मुले त्याच पंगतीत बसलेली असतात.

एवढी व्यवस्था पाहिल्यावर तिच्यातील पहिली उणीव ध्यानात येते, ती सकाळची. डोंगरातील वाडीवर रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतर लवकरच आटोपते. आईबाप मजुरीवर जाणारे असले म्हणजे ते झुंजुमुंजू होताच घर सोडतात. मागे राहिलेले मूल कोरा चहा पिऊन, फार तर रात्रीचा उरलेला भात असल्यास तो खाऊन, शाळेची वाट धरते. संध्याकाळी साडेसातला जेवलेल्या मुलाच्या पुढ्यात दुसऱ्या दिवशी साडेबाराला ताट आले, तर मधले अंतर सतरा तासांचे झाले. भाषा, गणित हे अवघड विषय बहुतेक शाळांतून सकाळच्याच तासांना शिकविले जातात. मोठ्या माणसाच्या मानाने मुलाच्या मेंदूस अन्नातील शक्तीचा कितीतरी मोठा वाटा लागतो. तो न मिळाल्यास मूल मंद नसूनही मंद दिसते. पुष्कळदा गुरुजी ज्याला दुर्लक्ष म्हणतात, ती भूक असते.

विशेष हे की, सकाळचा घास देण्याचे तत्त्व आपल्या सरकारास मान्य नाही असे मुळीच नाही. ते मान्य आहे, पण ते मुलाच्या वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत. अंगणवाडीत जाणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या मुलास सकाळची न्याहारी आणि दुपारचे गरम जेवण असे दोन्ही मिळावे, त्यातून ५०० उष्मांक पोचावेत, असे २०१३ च्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. शिवाय अंगणवाडीचा आहार वर्षातून ३०० दिवस द्यावयाचा, असा दंडक आहे. आता हेच मूल सहा वर्षांचे झाले, अंगणवाडीचा उंबरठा ओलांडून शेजारच्या शाळेत पहिलीत बसले. त्या दिवशी त्याची न्याहारी सुटते. शाळेच्या कामाचे किमान दिवस पाचवीपर्यंत २०० आणि पुढे २२० असे शिक्षण हक्क कायद्याने ठरविले आहेत. म्हणजे पंगतीचे जवळजवळ शंभर दिवसही त्याच्या हातून जातात. मूल मोठे झाले, अंगात वाढ लागली, भूक वाढली आणि नेमका तेव्हाच सरकारी हात आखडला. दोन खाती निराळी, दोन अंदाजपत्रके निराळी, म्हणून हा प्रकार घडतो. मुलाचे पोट मात्र एकच असते.

हा प्रश्न इतर कोणी सोडविला आहे काय? तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुरा येथे प्राथमिक शाळांतील मुलांकरिता सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात १,५४५ शाळांतील १ लाख १४ हजार मुले घेतली आणि ३३ कोटी ५६ लाख रुपये त्यासाठी मंजूर केले. दर मुलामागे हा खर्च वर्षाला सुमारे २,९०० रुपये होतो. शाळेच्या दिवसांनी भागल्यास रोजचे तेरा ते चौदा रुपये. पुढल्याच वर्षी ती योजना ३० हजारांहून अधिक सरकारी शाळांत गेली. हा सारा भार त्या राज्याने स्वतःच्या खजिन्यातून उचलला आहे. वस्तुतः २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शाळकरी मुलास सकाळी न्याहारी द्यावी अशी शिफारस आहे, आणि गरम अन्न देणे शक्य नसेल तेथे शेंगदाणे किंवा चणे गुळाबरोबर द्यावेत, स्थानिक फळ द्यावे, असेही तेथे सुचविले आहे. तथापि २०२१ मध्ये योजनेचा खर्च मंजूर झाला त्यात न्याहारीचे खाते नव्हते. शिफारस कागदावर राहिली. तरतूद झाली नाही.

पेणसारख्या गावी तर न्याहारीच्या जिनसाकरिता लांब जावयास नको. गणपतीच्या मूर्तींइतकेच हे गाव पोह्यांकरिता प्रसिद्ध आहे. पोह्याला लांबलचक शिजवण लागत नाही. पाणी थोडे, इंधन थोडे. आठवड्यातून दोन दिवस पोहे, दोन दिवस गूळ-शेंगदाणे, एखादा दिवस नाचणीचे सत्त्व, असा क्रम लावला तर कोणत्याही शाळेस तो झेपण्याजोगा आहे. आल्यागेल्यास गूळ-पाणी देण्याची रीत ज्या मुलखात अद्याप टिकून आहे, तेथे मुलाच्या हातावर गूळशेंगदाणे ठेवणे ही काही नवलाची गोष्ट ठरू नये.

दुसरी उणीव सुटीची. महाराष्ट्रातील शाळा साधारणतः मेच्या आरंभी बंद होतात आणि जूनच्या मध्यास उघडतात. शेतकऱ्याच्या घरी या दिवसांत कणगीत काहीतरी असते. मजुराच्या घरी तसे नसते. लावणीची कामे निघण्यास अवकाश असतो आणि पावसाळ्याची बेगमी करावयाची असते. अशा वेळी सुटीतही भोजन द्यावे, हा विचार न्यायालयांपुढे यापूर्वीच आलेला आहे. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही शालेय भोजन चालू ठेवण्यास सांगितले, आणि १३ मे २०१६ रोजी स्वराज अभियानाच्या अर्जावर पुन्हा तशीच आज्ञा झाली.

परंतु या आज्ञा दुष्काळ जाहीर झालेल्या मुलखाकरिता होत्या. कोकणात पावसाची ददात नाही. पेण-रोह्यात आषाढ-श्रावणात इतका पाऊस कोसळतो की दुष्काळ हा शब्दही हास्यास्पद वाटावा. दुष्काळ पावसाच्या मापाने मोजला जातो. वाडीवरील टंचाई मात्र मजुरीच्या मापाने पडते. म्हणून मराठवाड्यातील मुलास जे क्वचित प्रसंगी तरी मिळू शकते, ते कोकणातील भूमिहीन कातकऱ्याच्या मुलास नियमानेच मिळत नाही.

कातकरी समाजाचा येथे स्वतंत्र विचार केला पाहिजे. आदिम जमातींत गणना झालेला हा समाज रायगड जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहे आणि पेण-रोह्याच्या वाड्यांतून विखुरलेला आहे. पूर्वी खैराच्या लाकडापासून कात काढण्यावर त्याची गुजराण होती. जंगलाचे निर्बंध आले आणि तो धंदा गेला. आता दसरादिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी संपली की मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि कुटुंबासह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जावयाचे, ते मृगाच्या आत परतावयाचे, हा कित्येक घरांचा वार्षिक क्रम झाला आहे. मुले मागे ठेवावी तर सांभाळणार कोण? म्हणून तीही बरोबर जातात.

या मुलांची उन्हाळ्याची सुटी मेमध्ये लागत नाही. ती दिवाळीनंतरच लागते. शाळेत पंगत बसते, तांदूळ येतो, हजेरीपट त्यांच्या नावापुढे कोरा राहतो, आणि ती मुले भट्टीवर ओल्या विटा उलटीत असतात किंवा धाकट्या भावंडास खेळवीत असतात. कायद्याने त्यांना दिलेले ताट त्यांच्या वाडीतच राहते. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. घरच्या शिधापत्रिकेवरील धान्य आता परगावीही घेता येते. एक देश, एक शिधापत्रिका या व्यवस्थेने गेल्या काही वर्षांत ती सोय झाली आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाचे शिक्षण तुटू नये म्हणून त्याला शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धतही महाराष्ट्रात आहे. ते दाखवून त्याने नव्या ठिकाणच्या शाळेत बसावे, असा तिचा हेतू. पण भट्टीपासून शाळा चारपाच किलोमीटर दूर असली, पोहोचविण्यास कोणी नसले, तर कार्ड खिशात राहते आणि कार्डाबरोबर ताटही राहते. बापाचा शिधा गावोगाव फिरू शकतो. मुलाचे जेवण शाळेच्या खांबाला बांधलेले आहे.

मुलाचे अन्न शाळा बंद असताही त्याच्यापर्यंत पोचविता येते, याचा अनुभव फार जुना नाही. सन २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा महाराष्ट्रात तांदूळ व कडधान्य पालकांच्या हाती देण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस केंद्र सरकारने उन्हाळ्याच्या सुटीतही आहार द्यावा म्हणून सुमारे १,६०० कोटी रुपयांचा जादा खर्च मान्य केला. पुढल्या वर्षी मुलांच्या खात्यांवर थेट पैसे जमा करण्याकरिता सुमारे १,२०० कोटी रुपये ठेवले गेले. ते दर मुलामागे शंभर रुपयांच्या आसपास भरतात. साथ ओसरली आणि हे सारे बंद झाले. मात्र ‘सुट्या वगळून’ या शब्दांवाचूनही योजना चालू शकते हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

परदेशांतील अनुभवही याला जुळणारा आहे. इंग्लंडात १९०६ साली शालेय भोजनाचा कायदा झाला. अमेरिकेत १९४६ साली दुपारचे जेवण, १९६६ साली न्याहारी आणि १९६८ साली उन्हाळ्यातील भोजन प्रयोगादाखल सुरू झाले; न्याहारीची योजना १९७५ साली कायम झाली. तरीही उन्हाळ्यात ठरावीक केंद्रावर येऊन जेवणारी मुले थोडीच असतात, असा त्या धनाढ्य देशाचा अनुभव आहे. घर दूर आणि नेणारे कोणी नाही, हीच तेथील अडचण. म्हणून २०२४ पासून त्यांनी गरीब घरच्या मुलामागे उन्हाळ्याकरिता १२० डॉलर धान्यखरेदीसाठी घरीच देण्यास आरंभ केला. मुलाने अन्नाकडे यावे याची वाट पाहण्यात अर्धी सदी गेल्यावर अन्नच मुलाकडे नेण्याचे ठरले.

यावर आक्षेप येतात, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, आहे तीच पंगत नीट चालविताना शिक्षक मेटाकुटीस येतात. त्यांच्यावर न्याहारीचा भार आणखी कोठे टाकावा? हे खरे आहे. बिहारातील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी विषारी अन्नाने २३ मुले दगावली, तेव्हापासून अन्न चाखणे, साठा तपासणे, नोंदी ठेवणे यांची निकड सर्वांस पटली आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष निघतो तो न्याहारी नको असा नव्हे. देखरेखीकरिता आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या जादा वेळेकरिता स्वतंत्र पैसा ठेवावा, असा तो निघतो. फुकटच्या श्रमावर योजना वाढविली तर ती मोडणारच.

दुसरा आक्षेप असा की, सरकारनेच का द्यावे, लोकांनी वर्गणी करावी. याचा अनुभव महाराष्ट्रास अलीकडेच आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याकरिता सरकारी पैसा मिळणार नाही, शाळांनी हवे तर लोकसहभागातून ते द्यावे, असा निर्णय झाला. पेणच्या बाजारपेठेजवळील शाळेस चार व्यापारी मिळतील. पण डोंगरातील वाडीवर वर्गणी मागावयाची ती कोणापाशी? ज्यांची मुले पंगतीत बसली आहेत त्यांच्याचपाशी, आणि तेही निम्मे वर्ष गावी नसतात. वाढदिवसाची किंवा सणाची गोड पंगत लोकांनी घालावी, ते शोभते. रोजच्या अन्नाला मात्र लोकांचा उत्साह पुरत नाही; त्याला अंदाजपत्रकातील ओळ लागते.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर वर आलेल्या आकड्यांतच आहे. न्याहारीचा खर्च पहिल्याच दिवशी साऱ्या राज्यात करावा असे कोणी म्हणत नाही. अंगणवाडीचा मुलास लागू असलेला न्याहारीचा नियम आदिवासी वाड्यांतील शाळांपुरता चौथी-पाचवीपर्यंत पुढे नेता येईल. सुटीचा कोरडा शिधा, म्हणजे साथीच्या वर्षी दिला तसा तांदूळ, कडधान्य आणि तेल, शाळा बंद होण्याच्या दिवशीच मुलाच्या हाती देता येईल. दीड महिन्यास रोजच्या १०० ग्रॅमच्या हिशेबाने तांदूळ साडेचार किलोच लागतो. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हमी कार्डाला आहाराचा हक्क जोडून, जवळच्या शाळेने किंवा अंगणवाडीने तो भट्टीवर पोचवावा आणि त्याचे पैसे तिला मिळावेत, अशी व्यवस्था करता येईल. लहान शाळांस इंधन व वाहतूक यांकरिता डोक्यांवर न मोजता ठोक रक्कम देता येईल. यांपैकी एकही गोष्ट अपूर्व नाही. प्रत्येकीचे उदाहरण अथवा आधार या देशातच कोठे ना कोठे आहे.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी पस्तीस वयाच्या मानाने खुजी आहेत, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. हीच मुले आता शाळांतून बसू लागली आहेत. लहानपणी राहिलेली उणीव शाळेच्या वयात सारी भरून निघत नाही. पण ती आणखी वाढू न देणे एवढे तरी हाती आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागतो, गुरुजी खोल्यांना कुलूप लावतात, पातेली घासून उपडी ठेवली जातात. साहेबांच्या दप्तरी त्या दिवसापासून खर्चाचा रकाना रिकामा राहतो, आणि ती बचत म्हणून मोजली जाते. वाडीवर मात्र दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मुले सवयीने शाळेच्या व्हरांड्याकडे पाहतात.